वन बीएचके घरात कामासाठी वेगळी जागा केल्याने खरंच फरक पडतो का? टेबल कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं, पुण्यात वन बीएचकेत चौघं राहता, सध्या जेवणाच्या टेबलावर बसता आणि घरचे म्हणतात, "मन लावून काम करणाऱ्याला जागा लागत नाही." हे शेवटचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. हे वाक्य मी माझ्या घरात दोन वर्षं ऐकलंय.

फरक पडतो. खूप पडतो.

मी डोंबिवलीत राहते, छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न्स घरून करते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा माझ्याकडे दोन दुकानं होती, वर्षभरात अकरा झाली. थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख तेव्हा २०, त्यामुळे १५ पासून घरात बिलांचे गठ्ठे. नवरा आठच्या लोकलला गेला, मुलगी शाळेत गेली की टेबल पुसून मी गठ्ठे मांडायची. एक वाजता जेवणासाठी उचलायची, परत मांडायची. मुलगी आली की तिच्या अभ्यासासाठी उचलायची, रात्री भांडी आवरली की परत मांडायची. रोज तीनदा सगळं मांडायचं आणि तीनदा मोडायचं. प्रत्येक वेळी कुठे होतो हे आठवण्यात दहा-पंधरा मिनिटं जायची. माझा बराच वेळ त्यात जात होता, पण ते कुणाला दिसत नव्हतं, कारण मी दिवसभर "घरीच" होते.

२० जानेवारी २०१९ ला रविवार होता. सासूबाई दरवर्षी संक्रांत ते रथसप्तमीतला एखादा रविवार बघून हळदीकुंकू करतात, म्हणजे इमारतीतल्या नोकरीवाल्या बायकाही येतात. तारीख त्यांनी पंधरा दिवस आधी सांगितली होती. मला वाटलं शनिवारपर्यंत सगळं भरून होईल. पण दोन दुकानांची बिलं शनिवारी संध्याकाळी आली, तशी ती नेहमीच येतात. रविवारी तीन वाजता टेबल रिकामं हवं होतं, वाणाच्या वाट्या आणि तिळगुळाची ताटं तिथेच मांडायची होती. मी स्वयंपाकघरात होते. ठाण्याहून आलेल्या जाऊबाईंनी माझे सगळे गठ्ठे उचलले, नीट कडा जुळवून एकावर एक ठेवले, कापडी पिशवीत घातले आणि पिशवी माळ्यावर ठेवली. मदत म्हणूनच केलं त्यांनी. त्यांच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये तीसेक बायका, आणि मी बेडरूममध्ये पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप, बाजूला ती पिशवी. माझी दोन दुकानं इलेक्ट्रिकल सामानाची होती, एक डोंबिवलीचं, एक कल्याणचं. दोघंही माल मुंबईच्या लोहार चाळीतल्या एकाच व्यापाऱ्याकडून आणायचे. बिलाचा कागद सारखा, छपाई सारखी. कल्याणचं ६३,००० चं एक बिल डोंबिवलीच्या गठ्ठ्यात गेलं होतं. मी बिलावरचा घेणाऱ्याचा जीएसटी नंबर न बघता बेरीज धरली. १८ टक्क्यांनी ११,३४० रुपयांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, डोंबिवलीला लागलं आणि कल्याणच्या शेठना तेवढेच पैसे रोख भरावे लागले. रात्री अकराला रिटर्न गेलं. थ्रीबी एकदा भरलं की दुरुस्त होत नाही, पुढच्या महिन्यात जुळवून घ्यावं लागतं.

फेब्रुवारीत चूक शेठनीच काढली, स्वतःची वही घेऊन आले होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, गेल्या महिन्यात पोरांचा पगार मी आठ दिवस उशिरा दिला. ते पैसे इथे अडकले होते." डोंबिवलीच्या चुकीच्या क्रेडिटवरचं व्याज दोनशे रुपयेही झालं नाही, ते मी माझ्या खिशातून भरलं. कल्याणचं काम मार्चमध्ये गेलं. त्या दुकानात दोन पोरं कामाला होती, त्यातलं एक नुकतंच गावाहून आलेलं होतं. त्याचा आठ दिवस उशिरा झालेला पगार मला अजून टोचतो.

नवरा म्हणाला, "चूक घाईची आहे, जागेची नाही. शिस्त लाव."

यावरून आमचं मोठं भांडण झालं आणि ते इथे लिहिते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे. शिस्त होती. गठ्ठे दुकानवार लावलेले होते, प्रत्येकावर चिठ्ठी होती. ते मोडले, कारण टेबल सगळ्यांचं होतं आणि त्यावरचा माझा क्रम सांभाळायचं कुणाचंच काम नव्हतं. मी त्याला विचारलं, या हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात देवघराला अडीच फूट जागा दिली आहे. पाहुणे आले, लग्नाची बोलणी झाली, गणपती आले, तरी ती जागा कुणी कधी मागितली का? वर्तमानपत्रसुद्धा कुणी तिथे टेकवत नाही. या घरात जागा राखता येते, ती कशासाठी राखायची एवढंच ठरवायचं असतं. सासूबाई हे ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बेडरूमच्या खिडकीजवळचं त्यांचं लोखंडी कपाट दाराच्या मागे सरकवायला त्यांनीच सांगितलं.

तर टेबल कोणतं, हे नंतर. आधी अशी भिंत शोधा जिच्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. तीन फूट पुरते. मी सुताराकडून १८ मिलीमीटर प्लायची फळी करून घेतली, तीन फूट लांब, वीस इंच रुंद, सनमायका लावलेली, भिंतीला लोखंडी ब्रॅकेटवर. बाजारातली टेबलं २९-३० इंच उंच असतात. माझी उंची पाच फूट एक, मी २७ इंचांवर लावायला सांगितली. सुतार दोनदा म्हणाला की इतकी खाली कुणी लावत नाही. खुर्चीत बसून कोपर काटकोनात आलं की हात जिथे पडतो ती तुमची उंची, आणि सुताराचं ऐकू नका. खिडकी डाव्या हाताला आली, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखुरे असाल तर उलट. पाठीमागे खिडकी असेल तर स्क्रीनवर नुसती चमक दिसते. पूर्वेला तोंड करा असं पुष्कळ जण सांगतील. उजेड बघा, दिशा नको.

प्लग स्वतःचा घ्या. फ्रिज किंवा इस्त्रीच्या एक्स्टेंशनवर लॅपटॉप लावू नका. बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर कागदाचे खोके दोन इंच सोडून ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे भिंतीला ओल येते आणि कागद तळातून काळे पडतात. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून सहा वर्षं सांभाळावी लागतात, म्हणून मी झाकणाचे प्लास्टिकचे डबे वापरते आणि प्रत्येकात डांबरगोळ्या.

खुर्चीबद्दल मी फार सांगू शकणार नाही. मी जेवणाच्या टेबलाचीच एक खुर्ची घेतली आणि पाठीशी उशी ठेवली. तुम्ही सलग आठ तास बसत असाल तर टेबलापेक्षा खुर्चीवर जास्त पैसे घाला.

भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोकं पाडायच्या आधी मालकाला विचारा, नाहीतर घडीचं टेबल घ्या. फक्त ते रोज घडी करू नका, घडी केलंत की ती जागा परत सगळ्यांची झाली. चौघांत खरंच तीन फूट निघत नसतील तर पुण्यात अभ्यासिका पुष्कळ आहेत, पण तिथे फोनवर बोलता येत नाही, तुमच्या मीटिंग असतील तर उपयोग नाही. आणि मी कागदांच्या कामाबद्दल बोलतेय. नुसता लॅपटॉप उचलून बसणाऱ्याला इतका त्रास होणार नाही, हेही खरं.

घरच्यांना पटवायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमची अडचण तीच आहे असं मला वाटतं. फळी लावून झाल्यावर मी घरात एकच गोष्ट सांगितली होती: हिच्यावर माझ्याशिवाय कुणी काहीही ठेवायचं नाही, चहाचा कपसुद्धा नाही, आणि मी तिथे बसलेली असले की दार वाजलं तर दुसऱ्याने उघडायचं. पहिला महिना रोज आठवण करावी लागली. मग मुलगी स्वतःच येणाऱ्यांना सांगायला लागली, "आई कामावर आहे." त्याआधी ती "आई घरी आहे" म्हणायची.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि नवऱ्याचं ऑफिस घरी आलं. तो जेवणाच्या टेबलावर बसला. दिवसातून तीनदा लॅपटॉप, चार्जर, वही उचलत होता. चौथ्या दिवशी रात्री त्याने विचारलं, तुझ्या फळीवर दुपारी दोन तास बसू का? मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला मोजायची टेप आणून दिली आणि बेडरूमच्या दुसऱ्या भिंतीकडे, सासूबाईंच्या कपाटाच्या बाजूला, पावणेतीन फूट मोकळे आहेत ते दाखवलं. सुतार मिळण्यासारखा नव्हता. जुन्या पलंगाची फळी आणि दोन स्टुलं यावर त्याने स्वतः टेबल उभं केलं, आणि त्यावर कुणी काही ठेवू नये हे सगळ्यांना सांगितलं.