लोखंडाविना वाढलेले सुऱ्यांचे गाव

प्रश्न : फ्रान्समधील तिएर हे गाव सुऱ्या-चाकूंसाठी प्रसिद्ध आहे, परंतु तेथे लोखंडाच्या खाणी नाहीत, असे वाचले. मग हा धंदा तेथेच का रुजला? तेथील जुन्या लाकडी घरांचा या धंद्याशी काही संबंध आहे काय?

उत्तर : याचे कारण पाण्यात आहे. मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर, डोंगराच्या उतारावर वसलेल्या या गावाखालच्या अरुंद घळीतून द्युरोल नदी थोड्याच अंतरात बरीच खाली उतरते. तिच्या काठी पाणचक्क्या बसवून लोहारांचे घण आणि धार लावण्याचे दगड चालवता येत असल्यामुळे पोलाद बाहेरून आणावे लागत असूनही मध्ययुगापासून हा धंदा येथे टिकला.

धार लावण्याचे काम फार कष्टाचे होते. कारागीर फळीवर पालथे पडून, खाली फिरणाऱ्या ओल्या दगडावर पाते दाबून धरीत. चक्कीघरातील गारठ्यात ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवून घेण्याची पद्धत होती. पर्यटकांना हा प्रकार गमतीचा वाटतो, पण दिवसभर थंड पाण्याजवळ पालथे पडून राहणाऱ्याला ती निकडीची सोय होती. वेगाने फिरणारा दगड फुटला, तर जिवावर बेतण्याचा धोका असे तो निराळाच.

घरांचा संबंध आहे, पण मर्यादित. घडाई आणि धार नदीकाठी होत असे, तर पात्याला मूठ बसवून सुरी जुळवण्याचे काम पुष्कळदा कारागिरांच्या घरी चाले. मात्र लाकडी चौकटींच्या घरांपैकी सर्वांत देखणे असलेले पंधराव्या शतकातील पिरू भवन कारागिराचे घर म्हणून दाखवणे चुकीचे ठरेल, कारण ते सत्तेचे आणि प्रतिष्ठेचे बांधकाम आहे. ख्रिस्ती परंपरेतील सात महापातकांच्या कोरीव आकृत्या मिरवणारे दुसरे एक घरही आवर्जून पाहण्याजोगे आहे.

पुढे वीज आली आणि नदीवरचे अवलंबित्व संपले, तरी फ्रान्समधील बहुतांश सुऱ्या आजही याच परिसरात तयार होतात. लायोल हे गाव अव्हेरों प्रांतात असले, तरी त्याच्या नावाने विकले जाणारे कित्येक चाकूही तिएरचेच असतात. आपल्या कामावर दुसऱ्या गावाचे नाव लागते, ही येथील कारागिरांची जुनी खंत असावी. १९९४ साली त्यांनी ‘ल तिएर’ हा स्वतःचा चाकू बाजारात आणला आणि ठरलेली नियमावली पाळणाऱ्या परिसरातील उत्पादकांनाच तो बनवण्याची मुभा ठेवली.