चालत नेमबाजी करताना पिस्तुलाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर

लातूरहून विचारणाऱ्यांसाठी. उभं राहून ७ मीटरवर पाचही गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसतात, चालायला लागलं की त्याच गोळ्या खाली-डावीकडे उतरतात, आणि कोच सांगतात "पाय टेकला की मारा". तो सल्ला आधी सोडून द्या. तुमचं खरं दुखणं तेच आहे.

ग्रिप (पिस्तुलाची पकड) आणि साइट (नेम धरायची पुढची काडी आणि मागची खाच) जुळवणं तुम्हाला येतं हे धरून लिहितोय.

मिनिटाला १०० पावलं चाललात तर एक पाऊल ०.६ सेकंदाचं. त्यात दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात ते जेमतेम ०.१२ सेकंद. डोळ्यानं बघून बोट हलायलाच ०.२ सेकंदांच्या आसपास जातात. म्हणजे तो क्षण पकडायला गेलात की तो निघून गेलेला असतो, आणि ट्रिगर दाबला न जाता हिसकला जातो. उजव्या हाताच्या नेमबाजाचा हिसका बहुतेक वेळा खाली-डावीकडेच जातो. एका प्रशिक्षण केंद्रात (नाव नको) हे "एक-दोन-ठो" म्हणून पाठ करून घ्यायचे. शिकवायला त्यांना एक दुपार पुरली, मोडायला मला दोन हंगाम लागले. असो.

आता साइटचं बघा. पुढच्या-मागच्या साइटमध्ये १६ सेंमी अंतर धरलं, तर फ्रंट साइट खाचेत १ मिमी सरकल्यावर ७ मीटरवर ४४ मिमी चूक होते, १५ मीटरवर ९४ मिमी. उलट साइट जुळलेल्या ठेवून अख्खं पिस्तूल १ सेंमी वर-खाली झालं तर गोळीही १ सेंमीच हलते. चालण्यातला डोल बराचसा या दुसऱ्या प्रकारचा असतो. म्हणून फ्रंट साइट टार्गेटवर डुलू द्या, खाचेत मात्र मधोमध ठेवा आणि पावलांकडे लक्ष न देता ट्रिगर एकसारखा मागे आणा.

खात्री करायची असेल तर जोडीदाराला सहाच्या मॅगझिनमध्ये दोन डमी राउंड (न उडणाऱ्या नकली गोळ्या) कुठंही भरायला सांगा. डमीवर धक्का नसतानाही नळी खाली झुकली की चोर सापडला, तो तुमचा हिसका. गोळ्या चहूबाजूंनी पसरत असतील तर पाय बघा, एकाच बाजूला गोळा होत असतील तर बोट.

पायांचं थोडक्यात. डोक्यावर भरली घागर घेऊन चालणारी बाई बघा, हादरा गुडघ्यात आणि कमरेत जिरतो, वर पोचत नाही. गुडघे वाकलेले, पाऊल नेहमीपेक्षा आखूड, टाच टेकवून पंजाकडे वजन सरकवत न्यायचं. कोपरं ताठ नकोत. उन्हाळ्यात उघड्या रेंजवर काळ्या मातीला भेगा पडतात, सरावाआधी ती पट्टी रिकाम्या हातानं एकदा चालून बघा. घरी काठोकाठ भरलेलं फुलपात्र दोन्ही हातांत समोर धरून खोलीभर फिरा. सांडलं की चूक कुठं झाली ते लगेच कळतं.

ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलानं ट्रिगरचा सराव) करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर (गोळी बसते ती जागा) दोनदा बघायचं. .२२ बोअरचं पिस्तूल असेल तर डमीशिवाय रिकामं मारू नका, बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आदळून ती कड खराब होते.

मी कोच नाही, त्यामुळे हे सगळं परवान्याच्या रेंजवर, तिथल्या अधिकाऱ्याला विचारूनच करा. नळी कायम टार्गेटच्या दिशेला, नेम धरलेला नसेल तेव्हा बोट ट्रिगरभोवतीच्या गार्डच्या बाहेर. मागे चालत मारणं इतक्यात नको.

सुरुवात ७ मीटरवरून ४ मीटरपर्यंत, सावकाश, पाच गोळ्या. ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) उभं राहून येतो त्याच्या दुप्पट आला तरी चालेल, फक्त मध्यभागी हवा. १५ मीटरवरच्या छोट्या प्लेटला मात्र माझ्या मते सरळ थांबून मारा. चालत मारून वाचलेला अर्धा सेकंद पहिली चुकल्यावर माराव्या लागणाऱ्या दुसऱ्या गोळीत जातो.