साइडकार लावलेली बुलेट डावीकडे ओढते, काय करावं?
थ्रॉटल दिल्यावर डावीकडे आणि ब्रेक मारल्यावर उजवीकडे ओढत असेल तर तो बिघाड नाही. साइडकार डावीकडे असली की असंच होणार. एकसारख्या वेगातही ओढत असेल तर आधी साइडकारच्या चाकातली हवा बघा. मग अलाइनमेंट: ते चाक पुढून साधारण १० ते २० मिमी आत वळलेलं हवं, बाइक किंचित उजवीकडे कललेली.

आमच्या म्हापशात मात्र खरा शत्रू गंज. खारी हवा, वर चार महिने पाऊस. चतुर्थीआधी साइडकारच्या जोडाचे क्लॅम्प खोलून ग्रीस भराच. माझा एक बोल्ट तर हातातच तुटून आला. आणि हो, डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलते. वाळूची गोणी टाका, नाहीतर कुणाला तरी बसवा.