पॅकेजआधी पगाराची स्लिप बघा

जुळे सोलापूरहून एका ताईंनी विचारलंय: चार महिने थकवा आहे, केस गळतात, आईला थायरॉईड आहे. लॅबवाला घरी येऊन २,९९९ रुपयांत 'फुल बॉडी' करून देतो म्हणतो. थायरॉईड, व्हिटॅमिन बी-१२, डी सगळं त्यात, शिवाय टॅक्स वाचेल. विमा एजंट म्हणतो, आधी पॉलिसी घ्या, टेस्ट मागाहून करा. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात आहेत, हातात १७ हजार येतात. काय करू?

ताई, पॅकेज नको. आणि टेस्ट लांबवूही नका.

मिस्टरांच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात दिसते का बघा. पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास. मालक वरून ३.२५ टक्के भरतो. कपात होत असेल तर तुम्हीही त्यात येता. डॉक्टर, रक्त-लघवीच्या तपासण्या, गोळ्या या सगळ्याचे पैसे भरून झालेत. तुमचं नाव मात्र नोंदवलेलं हवं. लग्न झालं, पोरं झाली, तरी नाव चढवायचं राहून गेलेली घरं मी पुष्कळ पाहतो. कपातच नसेल तर सिव्हिलची ओपीडी आहे. रांगेत सकाळ जाईल, तेवढी जाऊ द्या.

डॉक्टरांसमोर 'सगळ्या टेस्ट लिहून द्या' म्हणू नका. थकवा कधीपासून, वजन, पाळी, आईचा थायरॉईड हे सांगा आणि विचारा, "थायरॉईडची टीएसएच टेस्ट आणि बी-१२ वर भागेल का? डी आत्ताच करायला हवं का?" टीएसएच बिघडलेला निघाला तरच बहुधा पुढचं टी-४ लागतं. डी ची टेस्ट महाग, म्हणून ती नक्की विचारून करा. हिमोग्लोबिनची आठवण तुम्हीच करून द्या. थकव्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनी थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. मग तीच टेस्ट दुसऱ्यांदा, खर्चही दुसऱ्यांदा.

टॅक्सचं म्हणाल तर तपासणीला ५,००० पर्यंत वजावट आहे, तीही जुन्या करपद्धतीत. तुमच्या घरात टॅक्स लागतच नाही, मग वाचणार काय?

एजंटचं अजिबात ऐकू नका. फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न असतात. त्रास माहीत असून लपवला तर ऐन क्लेमच्या वेळी कंपनी बोट ठेवते. थायरॉईड निघाला आणि तो लिहून दिला, तर फार तर त्या आजारापुरती थांबण्याची मुदत लागेल किंवा हप्ता थोडा वाढेल. तीन वर्षांहून जास्त मुदत कंपनीला आता लावता येत नाही. नाहीतरी रोजची थायरॉईडची गोळी साध्या पॉलिसीत बसत नाही, आणि ती स्वस्तही असते.

गोळी सुरू झालीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करावा लागतो. बाहेर करणार असाल तर तेवढे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा.