जुन्या साध्या मागावरून धोटा उडतो, पट्टा आवळूनही थांबत नाही. का?

प्रश्नकर्त्याकडे लँकेशायर पद्धतीचा जुना यंत्रमाग आहे. धोट्याला (आडवा धागा वाहून नेणाऱ्या तुकड्याला) वरून मार देणारी काठी, सुटी फणी (आडवा धागा कापडाला ठोकणारी, अडथळा आला की मागे झुलणारी), रुंदी साधारण ५२ इंच. धोटा अधूनमधून उडून बाहेर पडतो. मार धोट्यापर्यंत पोचवणारा चामड्याचा पट्टा आवळून पाहिला, तर प्रकार वाढलाच.

पट्टा आधी होता तसा करा. त्याहून ढिला मात्र नको: मार कमी पडला तर धोटा समोरच्या पेटीपर्यंत (तो जिथे जाऊन थांबतो तिथपर्यंत) पोचत नाही, ताण्यात (उभ्या धाग्यांत) अडकतो. उडणं हा सहसा वाटेचा दोष असतो. पट्टा आवळला की तोच दोष जास्त वेगाने बाहेर येतो, इतकंच.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत ज्याला साधा माग म्हणतात तो याच घराण्यातला. वरचा क्रँक शाफ्ट एक फेरा घेतो तेव्हा एक बाणा (आडवा धागा) पडतो. खालचा शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्यावरचे दोन्ही बाजूंचे कॅम (उंचवटा असलेली चाकं) आळीपाळीने मार देतात. फणी कापडाला ठोकते तिथून मोजलं तर क्रँकचा साधारण पाव फेरा झाला की मार बसतो, आणि पाऊण फेऱ्याला धोटा समोरच्या पेटीत हवा. मिनिटाला १५० फेऱ्यांवर ताण्यातून जायला त्याला सेकंदाचा जेमतेम सातवा-आठवा भाग मिळतो, म्हणजे वेग ताशी ४०-४५ किलोमीटर. या सगळ्या वेळात त्याला कुणीही धरलेलं नसतं. खाली पाटी (तो जिच्यावरून धावतो ती फळी), मागे फणी, एवढाच आधार. वर आणि पुढे नुसते धागे.

म्हणून आधी बघा, तो कुठून उडतो. फक्त डावीकडून निघताना उडत असेल तर डाव्या पेटीत शोधा, उजवीकडे हात लावू नका. मधूनच उडत असेल तर ताण्यात शोधा. सगळं एकदम खोलून बसलात तर मूळ दोष तर राहीलच, वर चार नवे घालाल.

पेटीची तपासणी मोटर बंद करून, माग हाताने फिरवून करायची. एक सरळ लोखंडी पट्टी फणीला आणि पेटीच्या मागच्या भिंतीला एकदम टेकवा. दोन्ही एका रेषेत हव्यात. फणी अर्धा सूत जरी पुढे आली असेल तरी धोट्याचं नाक तिच्या कडेवर आपटतं आणि तो विणकराकडे वळतो. मग धोटा पाटीवर ठेवून फणीला टेकवा आणि पलीकडे बॅटरी धरा. खालून किंवा मागून उजेडाची रेघ दिसली, तर धोट्याचा खालच्या आणि मागच्या बाजूंमधला कोन झिजला आहे किंवा तो या मागाचा नाहीच. भंगारातून आणलेल्या धोट्यांत हे नेहमी सापडतं. पाटी मध्यभागी झिजून खोलगट झाली असेल तरी तसाच उजेड दिसतो, म्हणून धोटा दोन-तीन ठिकाणी ठेवून पाहा.

पिकर (पेटीत धोट्याला प्रत्यक्ष ढकलणारा तुकडा) म्हशीच्या कातड्याचा असतो आणि ज्या सळईवर तो सरकतो ती पेटीच्या तोंडाशी किंचित वर आणि किंचित विणकराच्या बाजूला असावी लागते. त्यामुळे मार संपताना धोट्याची शेपूट जराशी उचलली जाऊन पुढे येते, आणि नाक खाली पाटीकडे व मागे फणीकडे दाबलं जातं. सळई उलटी बसली की नाक वर जातं. पिकरमधली खळगी खाली ओघळली असेल तर पिकर बदला. ठोकून-तासून दुरुस्त केलेला आठवडाभरही टिकत नाही.

मधूनच उडत असेल तर पहिला संशय तुटून लोंबणाऱ्या धाग्यावर घ्या. तुटलेला धागा शेजारच्यांत गुंतून धोट्याच्या वाटेत जाळी करतो. दुसरं, ताण्याचा खालचा थर. शेड (ताण्याच्या दोन थरांमधली धोट्याची वाट) पूर्ण उघडल्यावर तो पाटीला हलकासा टेकला पाहिजे. वर तरंगत असेल तर धोटा त्यावर चढतो. वह्यांच्या (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटींच्या) दोऱ्या ढिल्या झाल्या की एकाच बाजूचा थर उचललेला राहतो, आणि समोरून बघताना ते लक्षात येत नाही. बाजूला वाकून, डोळा पाटीच्या पातळीला आणून बघावं लागतं. तिसरं, शेड उशिरा उघडणं. हाताने फिरवताना धोट्याचं नाक ताण्यात शिरतं तेव्हा वरचे धागे त्याच्या पाठीला घासत असतील, तर वह्यांचे कॅम थोडे लवकर करा.

आलेल्या धोट्याला धरून ठेवणारा पेटीतला दाब ढिला असेल तर धोटा पिकरवर आदळून बोटभर मागे उसळतो आणि पुढचा मार रिकाम्या जागेतून येऊन बसतो. पट्टा आवळून हा उसळा वाढतो. तुमच्याकडे प्रकार वाढण्याचं एक कारण हे असू शकतं.

सुट्या फणीच्या मागाबद्दल एक सांगायला हवं. धोटा ताण्यात अडकला तर फणी मागे झुलते आणि धागे वाचतात, पण धोटा बाहेर पडला तर माग तत्क्षणी थांबत नाही. बाणा तुटल्याचं ओळखणारा काटा, जो १८४० च्या दशकात ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी रूढ केला, एकाच बाजूला असतो आणि दोन फेकींत एकदाच तपासतो. त्यामुळे हात आत घालण्याआधी हँडल पाडून माग थांबवा. फणीच्या पुढे आडवी बसणारी संरक्षक सळई धागे भरताना आड येते म्हणून बरेच जण काढून ठेवतात. ती नसेल तर दुरुस्ती संपायची वाट न बघता आधी बसवा: धोट्याचं टोक पोलादी असतं, आणि पलीकडच्या मागावरच्या माणसाचा डोळा त्याच उंचीला येतो.