कंप्रेसर रिकाम्या टाकीवर चालू होतो, पण टाकी भरल्यावर मोटर नुसती घुमते. मोटर रिवाइंड करावी का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: सिंगल फेज मोटर, पट्ट्यावर चालणारा पिस्टनचा कंप्रेसर. टाकी रिकामी असताना बिनतक्रार चालू होतो, ८ बारला आपोआप बंद होतो. हवा वापरून दाब ६ बारपर्यंत उतरला की पुन्हा चालू व्हायला हवा, पण तेव्हा मोटर उचल घेत नाही, नुसती घुमते आणि काही सेकंदांत एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडतो. इलेक्ट्रिशियनने मोटर रिवाइंड करायला, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं (वाइंडिंग) नव्याने गुंडाळायला सांगितलं आहे.

इतक्यात मोटर खोलू देऊ नका. वाइंडिंग जळालं असतं तर वास आला असता, रिकाम्या टाकीवरसुद्धा मोटर गरम होऊन अडली असती, किंवा एमसीबी स्विच लावताक्षणी पडला असता. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. रिकाम्या टाकीवर ठीक आणि भरल्या टाकीवर अडणं, या लक्षणात माझा पहिला संशय हेडमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरच्या भागात, कोंडून राहिलेल्या हवेवर जातो.

मोटर थांबलेल्या अवस्थेतून उठते तेव्हा पूर्ण लोडच्या साधारण पाच ते सात पट करंट ओढते, आणि सिंगल फेज मोटरचा जोर त्या वेळी बेताचाच असतो. पिस्टनच्या डोक्यावर आधीच दाब बसलेला असेल तर पहिला फेराच पुरा होत नाही. म्हणून कंप्रेसरमध्ये त्याची सोय केलेली असते. हेडपासून निघालेला तांब्याचा जाड पाइप टाकीला जिथे मिळतो तिथे हवा एकाच दिशेने, टाकीकडे जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही असतो. त्याच्या बाजूने एक बारीक नळी निघून प्रेशर स्विचकडे (टाकीतल्या दाबानुसार मोटर चालू-बंद करणारा स्विच) जाते आणि स्विचला लागून असलेल्या छोट्या अनलोडर व्हॉल्व्हला जोडलेली असते. स्विचने मोटर बंद केली की आतला दांडा अनलोडरची पिन दाबतो आणि हेडपासून एनआरव्हीपर्यंतची हवा बाहेर जाते. कंप्रेसर बंद होताना जो ‘फुस्स’ आवाज येतो तो हाच.

तेव्हा मीटर हातात घेण्याआधी हा आवाज ऐका. टाकी भरू द्या, आपोआप बंद होऊ द्या आणि स्विचजवळ उभे राहा.

दोन-तीन सेकंद फुस्स होऊन पूर्ण शांत झालं, तर दोन्ही व्हॉल्व्ह आपलं काम करताहेत. आवाजच आला नाही, तर हेडमधली हवा सुटलेली नाही. अनलोडरची पिन अडकली असेल, स्विचचा दांडा तिच्यापर्यंत पोहोचत नसेल किंवा बारीक नळी तेल-काजळीने बुजली असेल. तिसरी शक्यता अशी की फुस्स सुरू झाला आणि थांबेचना, गेजचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. मग दोष अनलोडरचा नाही, एनआरव्हीचा आहे: टाकीतली हवा उलटी येऊन त्याच वाटेने बाहेर पडते आहे. खूप जण इथे फसतात. आवाज अनलोडरमधून येतो म्हणून तो बदलतात आणि गळती तशीच राहते. काही जण तर ते भोकच बुजवून टाकतात. तसं केलंत तर टाकीचा सगळा दाब पिस्टनच्या डोक्यावर येऊन बसेल आणि मोटर खरोखरच जळेल.

खात्री करायची असेल तर, मोटर घुमून एमसीबी पडला की प्लग काढा, डोळ्यांवर गॉगल लावा आणि प्रेशर स्विचकडच्या टोकाला बारीक नळीचा नट पान्याने अगदी हळू, जेमतेम एक आटा सैल करा. तांब्याच्या पाइपला हात लावू नका, तो भाजण्याइतका तापलेला असतो. नटातून हवा जोरात सुटली आणि थोड्या वेळात थांबली, तर ती हेडमध्ये कोंडलेली होती. आता नट घट्ट करून कंप्रेसर लावून बघा. या वेळी त्याने सहज उचल घेतली, तर दोषी अनलोडर. हवा थांबतच नसेल तर एनआरव्हीही गेलेला आहे.

आणखी एक खूण विचारात घ्या. अडलेला कंप्रेसर तासभर तसाच ठेवला तर नंतर चालू होतो का? पिस्टनच्या रिंगांमधून कोंडलेली हवा हळूहळू झिरपून जाते, म्हणून बऱ्याचदा होतो. लोकांना वाटतं मोटर थंड झाली म्हणून चालली.

एनआरव्ही दुरुस्त करणं अवघड नाही, पण टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय त्याला पाना लावू नका. ड्रेन कॉक उघडून काटा शून्यावर आला तरी कॉक उघडाच ठेवा, कारण बंद पडलेला गेजही शून्य दाखवू शकतो. वरची टोपी खोलली की आत स्प्रिंग आणि छोटी गोल चकती दिसेल, रबराची किंवा टेफ्लॉनची. चकतीच्या खालच्या बाजूवर बोट फिरवून बघा. सीटचा गोल ठसा खोल उमटलेला असेल, काठ कडक होऊन तडकला असेल किंवा त्यावर काळा कार्बन चिकटला असेल, तर हवा तिथूनच मागे येते. सीट मऊ कापडाने पुसा, चकती नवी टाका. पितळी सीटवर ओरखडे असतील तर पूर्ण व्हॉल्व्हच बदला. कार्बन फार साठला असेल तर हेडच्या व्हॉल्व्ह प्लेटही एकदा काढून बघाव्यात, कारण मशीन जास्त तापत असल्याची ती खूण आहे.

तुम्ही कंप्रेसर बंद कसा करता? तो मध्येच भिंतीवरच्या स्विचने बंद केला किंवा चालू असताना वीज गेली, तर प्रेशर स्विचचा दांडा हलतच नाही, त्यामुळे अनलोडर उघडत नाही आणि हवा आतच राहते. वीज परत आल्यावर मोटर घुमणारच. बंद करताना प्रेशर स्विचवरच्या लिव्हरनेच करायचा, फुस्स ऐकायचं आणि मगच प्लग काढायचा. वीज गेली तरी लगेच लिव्हर बंदवर टाका.

फुस्स नीट होत असेल आणि तरीही उचल नसेल, तर विजेकडे वळा. आणि त्यातही मोटरकडे नाही, आधी वायरीकडे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज १० टक्के पडलं तर जोर ८१ टक्क्यांवर येतो, २० टक्के पडलं तर ६४ वर. लांब, बारीक एक्स्टेन्शन बोर्डावर कंप्रेसर चालवत असाल तर चालू होण्याच्या क्षणी एवढी घट सहज होते. एरवी मीटर बरोबर व्होल्टेज दाखवेल, म्हणून मोजायचं ते मोटर उचल घेत असताना आणि मोटरच्या टर्मिनलवर. उघड्या टर्मिनलवर मोजण्याची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. कंप्रेसर बोर्डाजवळ आणा, थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा आणि लांबी हवी असेल तर हवेचा होज लांब घ्या, वायर नको. एवढ्यानेच सुरळीत झालेले कंप्रेसर मी पाहिले आहेत.

त्यानंतर कपॅसिटर, म्हणजे मोटरला उचल घ्यायला जोर देणारा डबा. सुरुवातीचा कपॅसिटर अशक्त झाला की मोटर हलका भार उचलते आणि जड भारावर अडते, म्हणजे लक्षण तुमच्यासारखंच. म्हणून तर फुस्सची परीक्षा आधी सांगितली. प्लग काढा, कपॅसिटरच्या दोन टोकांना होल्डरमधला साधा तंतूचा बल्ब काही सेकंद लावून त्यातला चार्ज काढा आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच हात लावा. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय लावून घेऊ नका. मग मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मीटरने तपासा आणि वर छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. आकडा बराच खाली असेल, डबा फुगला असेल किंवा तेल पाझरलं असेल तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्टेज रेटिंग तेवढंच किंवा जास्त.

पट्टा आणि तेल लवकर बघून होतं. प्लग काढून, टाकी रिकामी करून, मोठी पुली हाताने फिरवा. एकसारखी फिरली पाहिजे. एकाच जागी अडत असेल किंवा करकरत असेल तर दोष पंपाच्या आत आहे. पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणू नका, त्याने बेअरिंगवर भार येतो. थंडीत पहाटे त्रास जास्त होत असेल तर क्रँककेसमधलं तेल गरजेपेक्षा जाड आहे का बघा. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं कंप्रेसर ऑइलच भरा.

एमसीबीबद्दल एवढंच, की तो किती वेळाने पडतो हे महत्त्वाचं आहे. काही सेकंद घुमून पडला तर तो अडकलेल्या मोटरला वाचवतो आहे. लावताक्षणी पडला तर शॉर्ट असू शकतो किंवा एमसीबी बी टाइपचा असू शकतो, जो रेटिंगच्या तीन ते पाच पट करंटलाच सुटतो. मोटरसाठी सी टाइप लागतो, तो पाच ते दहा पटींपर्यंत थांबतो. टाइप बदलणं वेगळं आणि जास्त अँपिअरचा एमसीबी टाकणं वेगळं. वायर तीच ठेवून मोठा एमसीबी टाकला तर आधी वायर जळेल. आणि घुमणाऱ्या मोटरला परत परत चालू करून बघू नका. सुरुवातीचा कपॅसिटर आणि स्टार्टिंग वाइंडिंग एका वेळी काही सेकंदांसाठीच बनवलेले असतात. आज चांगली असलेली मोटर अशा प्रयत्नांतच जळते.

मोटरवर संशय घ्यायची वेळ कधी, तेही सांगतो. पट्टा काढा, चांगला कपॅसिटर लावा, सॉकेटमधून थेट पूर्ण व्होल्टेज द्या. रिकामी मोटरही नुसती घुमत असेल तर आधी मागचं झाकण उघडून सेंट्रिफ्युगल स्विचचे (मोटरने वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंगची वीज तोडणारा स्विच) पॉइंट बघा. ते जळून काळे पडले असतील किंवा धुळीने उघडेच राहिले असतील तर स्टार्टिंग वाइंडिंगला वीजच पोहोचत नाही, आणि हे काम पॉइंट साफ करून किंवा स्विच बदलून होतं. पॉइंट चांगले असतील, तर इलेक्ट्रिशियनला दोन्ही वाइंडिंगचा रोध मोजायला आणि मेगर (इन्सुलेशन मोजणारं मीटर) लावून बॉडीशी इन्सुलेशन तपासायला सांगा. एखादं वाइंडिंग तुटलेलं किंवा बॉडीला लागलेलं निघालं, तरच रिवाइंडिंगला द्या.