माजी विद्यार्थ्यांचे २,३०० ईमेल पत्ते मेलिंग लिस्टमध्ये एकदम कसे टाकायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या माजी विद्यार्थी संघाकडे एक्सेलमध्ये २,३०० पत्ते आहेत, होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (वेबसाइट सांभाळायच्या पानावर) मेलमॅन ही मेलिंग लिस्ट चालवणारी प्रणाली आहे, सगळ्यांना एका फटक्यात जोडायचंय. आणि समिती म्हणते, "आपलीच माणसं आहेत, निमंत्रण पाठवलं तर निम्मी येणारच नाहीत, सरळ टाकून द्या."

बटण मेंबरशिप मॅनेजमेंटमधल्या 'मास सबस्क्रिप्शन' पानावर आहे. चौकटीत एका ओळीवर एक पत्ता चिकटवायचा, किंवा तशीच साधी टेक्स्ट फाइल चढवायची. पण त्या पानावरचा पहिलाच पर्याय 'सबस्क्राइब' (थेट जोडा) की 'इन्व्हाइट' (निमंत्रण पाठवा) असा आहे, आणि तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. "आपलीच माणसं आहेत, विचारायचं काय?" हे वाक्य प्रत्येक संघात, प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक मंडळात कुणीतरी म्हणतंच, आणि ते चूक आहे. शाळा आपली असेल, इनबॉक्स ज्याचा त्याचा असतो.

न विचारता जोडल्यावर काय होतं ते बघा. पहिला मेल जातो. नव्या लिस्टवर सदस्यांच्या मेलना परवानगीची चाळणी नसते, म्हणजे कुणीही लिहिलं तरी ते सगळ्यांना पोचतं. एक जण 'रिप्लाय ऑल' दाबून विचारतो, "माझा पत्ता कुणी दिला?" हे २,३०० जणांना जातं. त्यावर दहा जण, "माझंही नाव काढा." मग एक सज्जन सर्वांना कळवतात की कृपया सर्वांना उत्तर देऊ नका, आणि तेही सर्वांना जातं. तासाभरात लोक नाव काढायचा दुवा शोधणं सोडून देतात आणि 'स्पॅम' दाबतात.

स्पॅमची तक्रार किती महाग पडते याचा अंदाज समितीला नसतो. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांत तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवायला सांगितलंय, आणि खरं तर ०.१ च्या आत असलेलं बरं. तुमच्या यादीत १,५०० जीमेलवाले धरले, तर पाच जणांनी बटण दाबलं की ०.३ ओलांडलं. फटका बसतो तो डोमेनला, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला. शाळेचं कार्यालय त्याच डोमेनवरून दाखल्यांचे, फीचे मेल पाठवत असेल, तर उद्यापासून तेही स्पॅममध्ये जायला लागतील, आणि तिथल्या क्लार्कला कळणारही नाही की असं का होतंय.

म्हणून एकही पत्ता टाकायच्या आधी चार सेटिंग बदला. प्रायव्हसी ऑप्शन्समधल्या 'सेंडर फिल्टर्स'मध्ये नव्या सदस्याचा मेल आधी तपासणीसाठी थांबावा, याला 'यस' करा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण हे सेटिंग त्यानंतर जोडलेल्यांनाच लागू होतं. आधीच जोडलेल्यांसाठी सदस्य यादीच्या पानावर सगळ्यांना मॉडरेशनचा, म्हणजे मेल आधी तपासणीसाठी थांबवण्याचा, शिक्का एकदम लावायची सोय आहे. जनरल ऑप्शन्समध्ये 'रिप्लाय' मूळ लिहिणाऱ्याकडे जाईल असं ठेवा, आणि पत्त्यांची भरणी चालू असेपर्यंत 'इमर्जन्सी मॉडरेशन' चालू ठेवा, म्हणजे प्रत्येक मेल आधी थांबेल. तिथेच दर महिन्याच्या पासवर्ड आठवणीचा पर्याय असतो, तो बंद करा. मेलमॅन २ मध्ये तो मुळात चालू असतो. १ तारखेला पहाटे प्रत्येक सदस्याला त्याचा पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, आणि ज्यांना आपण सदस्य आहोत हेच आठवत नाही ते त्या दिवशी हमखास तक्रार करतात.

आता एक्सेल. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पत्ता टाइप केला की एक्सेल त्याची निळी, अधोरेखित लिंक करतं, आणि त्या रेघेखाली पत्त्यातला अंडरस्कोअर (_) गडप होतो. कागदी फॉर्मवरून भरलेल्या यादीत असे पत्ते हमखास असतात. आधी सगळ्या लिंक काढून टाका, मग डोळ्यांखालून घाला. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून चिकटवलेल्या पत्त्याच्या शेवटी न तुटणारी मोकळी जागा चिकटून येते. ती एक्सेलच्या 'ट्रिम' सूत्राने जात नाही, 'सब्स्टिट्यूट' सूत्र वापरून कॅरेक्टर क्रमांक १६० काढावा लागतो. एका चौकटीत तिरकी रेघ मारून नवरा-बायकोचे दोन पत्ते असतात, ते वेगळे करा. 'जीमेल डॉट कॉन', 'गमिल डॉट कॉम' असले शेवट फिल्टर लावून शोधा. डॉट को डॉट इन आणि डॉट कॉम यांतला याहूचा घोळ मात्र अंदाजाने दुरुस्त करू नका. दोन्ही खरे असतात आणि तुमचा मेल तिसऱ्याच माणसाकडे जातो. जीमेल नावातले टिंब धरत नाही, पण मेलमॅन धरतो, त्यामुळे एकच माणूस टिंबासह आणि टिंबाविना दोनदा शिरतो. तपासणीसाठी बाजूच्या रकान्यात टिंबं काढून दुहेरी नोंदी बघा, मूळ पत्ता तसाच राहू द्या. आणि फक्त पत्त्यांचा रकाना निवडून क्रम लावू नका, नावं एकाची आणि पत्ते दुसऱ्याचे होतात.

मेलमॅन २ मध्ये देवनागरी नावं चढवायच्या भानगडीत पडू नका, नुसते पत्ते द्या. नावांसकट यादी दुसऱ्या सेवेत न्यायची असेल तर एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा फाइलचा प्रकार निवडून जतन करा, त्यात देवनागरी टिकते. साध्या सीएसव्हीत सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन बसतात, आणि मूळ फाइल ठेवली नसेल तर ती परत मिळत नाहीत.

आता "निम्मे येणार नाहीत" या मुद्द्याकडे. येत नाहीत हे खरं, पण त्याचं खापर लोकांच्या अनास्थेवर फोडू नका. मेलमॅनचं निमंत्रण इंग्रजीत, रुक्ष मजकुराचं असतं, आणि मूळ सेटिंगमध्ये त्यातला दुवा साधारण तीन दिवसांत निकामी होतो. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलं की मंगळवारी उघडणाऱ्याच्या हाती मेलेला दुवा लागतो. म्हणून सोमवार-मंगळवारी सकाळी पाठवा. आदल्या दिवशी संघाच्या ओळखीच्या पत्त्यावरून मराठीत चार ओळी लिहा: कोण आहोत, महिन्याला साधारण किती मेल येतील, उद्या कोणत्या नावाने निमंत्रण येईल, आणि विषय न बदलता नुसतं उत्तर पाठवलं तरी नोंदणी होते. त्यात शाळेतल्या बॅचचं वर्ष आणि वर्गशिक्षकांचं नाव असलं तर माणूस हमखास थांबून वाचतो. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांचीच मर्यादा आहे आणि ती गाठेपर्यंत ताणूही नये, तेव्हा हे तुकड्यांनीच करावं लागेल. सगळे पत्ते 'बीसीसी'त, म्हणजे ते एकमेकांना दिसणार नाहीत. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना महिन्याभराने एकदाच परत विचारा, मग सोडा.

निमंत्रणांची पहिली तुकडी ५०-१०० जणांची, गेल्या वर्षभरात संघाशी बोललेल्यांची घ्या. दोन दिवस थांबा, परत आलेले मेल वाचा. '५५० ५.१.१' म्हणजे असा पत्ताच नाही, तो यादीतून काढा. चारने सुरू होणारे कोड तात्पुरते असतात, त्यांना हात लावू नका. जुन्या यादीत जीमेलचे मेलेले पत्ते बरेच निघतील, कारण दोन वर्षं न वापरलेली खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून पुसायला सुरुवात केली. परत येणाऱ्या मेलचं प्रमाण वाढलं की समोरचे सर्व्हर तुम्हाला यादी विकत घेणारा समजतात. शंभरात पाच-सात परत आले तर पुढची तुकडी थांबवून यादी पुन्हा साफ करा.

ज्यांनी काल-परवा स्वतः फॉर्म भरून "मला बातम्या पाठवा" असं लिहून दिलंय, त्यांना थेट 'सबस्क्राइब' करायला माझी हरकत नाही. फक्त स्वागताचा मेल चालू ठेवा आणि ते फॉर्म जपून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती विशिष्ट कामासाठीच घ्यायची आहे. स्नेहसंमेलनाच्या वर्गणीसाठी दिलेला पत्ता बातमीपत्राला चालतो असं गृहीत धरू नका. आधी कधी नाव काढून घेतलेल्यांची यादी वेगळी ठेवा आणि प्रत्येक भरणीआधी ताळा करा.

आणि होस्टिंगवाल्याला दोन गोष्टी आजच विचारा: तासाला किती मेल जाऊ देतात, आणि त्यात मेलमॅनचे मेल धरतात का. एसपीएफ आणि डीकिम (मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या) नोंदी सीपॅनेलमधल्या 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी'त दिसतात, तिथे अडचण दाखवत असेल तर बाकी सगळं नंतर. याहूने २०१४ मध्ये डीमार्कचं (आपल्या नावाने दुसरीकडून आलेल्या मेलचं काय करायचं, याचं) धोरण कडक केल्यापासून याहूच्या पत्त्यावरून लिस्टवर लिहिलेले मेल इतरांकडे पोचेनासे झाले, त्यावर 'सेंडर फिल्टर्स'मध्येच डीमार्कचा पर्याय आहे. तो 'मंज फ्रॉम'वर ठेवा, म्हणजे असा मेल लिस्टच्या पत्त्यावरून गेल्यासारखा जातो.